घरातली आगगाडी: रूळ कसे आखायचे, गाड्या कोणत्या घ्यायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरात मागाची एक लांबट खोली आहे, अठरा फूट बाय नऊ. माग गेले, खोली मोकळी झाली, आणि आता तिथं भिंतीच्या कडेकडेनं छोटी, मॉडेलची आगगाडी धावते. बघायला निपाणी, चिकोडी, खानापूर, कधी कारवारकडचीही मंडळी येतात. चहा संपेपर्यंत प्रश्न ठरलेलेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी इंजिनिअर नाही. जे लिहिलंय त्यातलं बरंचसं आधी चुकून मग कळलेलं आहे.

सुरुवात कुठून करू? एखादा तयार सेट घेऊन टाकू का?

जरा थांबा. आधी एक गाडी ठरवा: कुठली, किती डब्यांची, कुठल्या काळातली. मग तिची लांबी काढा, आणि रूळ त्यानंतर. बहुतेक जण नेमके उलटे जातात. मीही तसाच गेलो.

मी आधी गोल रुळांचा सेट आणला, साधारण ४४ सेंटीमीटर त्रिज्येचा. आयसीएफचे (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या धाटणीचे) डबे हाती आले ते वर्षभरानं. तोवर वळणाच्या आतल्या अंगाला प्लायचा देखणा फलाट बांधून झाला होता, कडेला पिवळी पट्टी वगैरे रंगवून. पहिलाच डबा आला आणि पोट फलाटाला घासून जागच्या जागी अडकला. डबा दोन बोगींवर, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटींवर, टेकलेला असतो. रूळ वळतो, डबा वळत नाही, त्यामुळे त्याचा मधला भाग वळणाच्या आत झुकतो. खऱ्या आयसीएफ डब्याच्या बोगींमध्ये १४.७८ मीटरचं अंतर असतं, माझ्या १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात, ते १७ सेंटीमीटर होतं. ४४ च्या वळणावर असा डबा जवळजवळ ८ मिलिमीटर आत येतो. मी फट सोडली होती ४ मिलिमीटरची. कानस घेऊन फलाट तासला. ती तासलेली कड अजून तशीच ठेवली आहे, नव्या माणसाला दाखवायला बरी पडते.

एचओ घेऊ की एन?

एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिलिमीटर. जागा कमी आणि लांब गाडीचा नाद असेल तर एन. हातानं डबे जोडायचे, रंगवायचे, खिडकीत माणसं बसवायची असतील तर एचओ. पन्नाशी उलटलेल्यांनी एनचं चाक एकदा रुळावर ठेवून बघावं आणि मग काय ते ठरवावं.

एक गोष्ट मात्र आधीच मनाला पटवून घ्या. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, जगात बहुतेक ठिकाणच्या १४३५ पेक्षा बरंच रुंद. १:८७ मध्ये ते १९.२ मिलिमीटर यायला हवं, पण बाजारातला रूळ १६.५ चाच. म्हणजे आपली प्रत्येक एचओ गाडी थोड्या अरुंद रुळावर उभी असते. समोरून बघितलं तर जाणवतं. बाजूनं नाही. बाजूनंच बघा.

किती डब्यांची गाडी धरायची?

इथंच खरा हिशेब आहे, जरा सावकाश वाचा.

आयसीएफचा डबा २१.३ मीटर, म्हणजे एचओत २४.५ सेंटीमीटर आणि एनमध्ये १३.३. एलएचबी या नव्या, जर्मन धाटणीचा डबा साडेतेवीस मीटर धरला तर एचओत २७, एनमध्ये १४.७. बॉक्सएन ही उघडी मालवाघीण १०.७ मीटर, म्हणजे १२.३ आणि ६.७. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन १७.१ मीटर, म्हणजे एचओत वीसेक सेंटीमीटर.

आता २४ डब्यांची एक्स्प्रेस एचओत मांडून बघा. नुसते डबेच पावणेसहा मीटरच्या पुढे जातात. ५८ बॉक्सएनची कोळशाची गाडी वाघिणींचीच ७.१ मीटर होते. माझी अख्खी खोली साडेपाच मीटर. म्हणजे कापाकापी आलीच, आणि ती लाजायची गोष्ट नाही. माझा अनुभव असा की सहा डबे आणि इंजिन दिसलं की डोळ्याला ती 'एक्स्प्रेस' वाटते. चार डब्यांची 'पॅसेंजर' वाटते. तीन डबे मात्र कसेही रंगवा, शंटिंगच (यार्डातली डब्यांची हलवाहलव) वाटतं. मालगाडीला बारा वाघिणी आणि मागं गार्डचा डबा पुरतो.

वंदे भारतवाल्यांची मजा आहे. हुबळी-पुणे वंदे भारत बेळगावावरून २०२४ च्या सप्टेंबरपासून धावते, आठच डब्यांची. एचओत सव्वादोन मीटरच्या आत अख्खी खरी गाडी बसते, एकही डबा न कापता.

आठ बाय चारच्या एका प्लायवर होईल ना?

होईल, पण काय होईल ते आधी समजून घ्या. प्लायची रुंदी १२२ सेंटीमीटर. कडेला पाच-पाच सोडले की सर्वांत मोठं वळण ५६ सेंटीमीटर त्रिज्येचं बसतं. लांब डब्यांसाठी साधा ठोकताळा आहे: त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट. आयसीएफला ७४ सेंटीमीटर, एलएचबीला ८१. चौपट मिळाली तर दिसायलाही छान. ५६ वर गाडी धावेल. उत्पादकानं दिलेली कमीत कमी त्रिज्या बहुतेकदा त्याहून लहानच असते. पण दोन डब्यांच्या कोपऱ्यांमध्ये एवढी फट पडते की शेजारचा पोरगा विचारतो, "काका, गाडी मोडली काय?"

एनमध्ये हाच प्लाय राजेशाही होतो. एलएचबीची तिप्पट ४४ सेंटीमीटर, आरामात बसते. एचओतच करायचं असेल तर प्लाय उभा चिरा आणि भिंतीला फळीसारखा लावा. गाडी गोल फिरणार नाही, या टोकाकडून त्या टोकाला जाईल. खरी गाडीही तेच करते.

वळणावर गाडी कशाला लागेल ते आधी कसं कळेल?

सर्वांत लांब डब्याच्या मधोमध दोन्ही अंगांना आणि चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीनं पेन्सिली लावा, टोकं खाली. डबा हातानं वळणावरून हळूहळू ढकला. कागदावर दोन रेषा उमटतील, एक आतली आणि एक बाहेरची. त्यांच्या आत काहीही बांधायचं नाही. फलाट नाही, सिग्नल नाही, झाड नाही. हे मी फलाट तासल्यानंतर शिकलो.

मला दूधसागरच करायचाय!

होय की, सगळ्यांनाच करायचा असतो. धबधबा, पूल, बोगदे, धुकं. माझ्याही वहीच्या पहिल्या पानावर तेच चित्र होतं.

दूधसागर ३१० मीटर उंच. एचओत तो साडेतीन मीटर होतो. आमच्या मागाच्या खोलीचं छत फोडून वर कौलांच्याही पलीकडे जाईल. एनमध्येही एक मीटर ९४ सेंटीमीटर, म्हणजे पुरुषभर उंची. तेव्हा धबधबा एक तर चौथाईवर आणावा लागतो, नाही तर फक्त पुलाच्या वरचा-खालचा तुकडा दाखवावा लागतो.

दुसरी अडचण चढाची. कॅसलरॉक ते कुळे या ब्रागांझा घाटाचा चढ १:३७, म्हणजे २.७ टक्के. खऱ्या मालगाडीलाही तिथं मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. घरात एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला एचओत निदान ८ सेंटीमीटर उंची हवी (वर विजेच्या तारा दाखवायच्या तर आणखी). १:३७ नं चढायला तीन मीटर रूळ लागेल, दोन टक्क्यांनी चार मीटर. तेवढंच परत उतरायला. त्यात वळण आलं की ओढ आणखी वाढते, सरळ रुळावर आठ डबे ओढणारं इंजिन वळणाच्या चढावर पाचावरच चाकं फिरवत बसतं. शिवाय चढ सुरू होतो आणि संपतो तिथं एकदम कोन पडू देऊ नका, निदान एका डब्याच्या लांबीत तो हळूहळू वाढवा. नाही तर डबे जोडणारी कपलिंग वर-खाली होऊन निसटतात आणि मागचे डबे उताराला लागतात. मग जमिनीवरून डबे गोळा करायचे.

माझं मत विचाराल तर दूधसागर दुसऱ्या लेआउटला, म्हणजे दुसऱ्या मांडणीला ठेवा.

मग पहिलं काय करावं?

एक लहान स्टेशन. लोंढ्याच्या अलीकडचं गुंजी घ्या, नाही तर देसूर घ्या. मुख्य रूळ, एक लूप (मुख्य रुळातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारा रूळ), एखादं सायडिंग (एका टोकाला बंद रूळ). दुहेरीकरणाआधी या मार्गावर गाड्यांची क्रॉसिंग व्हायची, ती आठवा. एक गाडी लूपला येऊन थांबते, स्टेशनात शांतता पसरते, शेंगावाला या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येतो, मग लांबून समोरच्या गाडीचा भोंगा. ती धडधडत निघून जाते, सिग्नल पडतो, आपली हलते. घरात दहा मिनिटांचा हा खेळ गोल-गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त धरून ठेवतो. गोल फिरणारी गाडी पोरं पाच मिनिटं बघतात, मोठी तीन.

लूपची लांबी म्हणजे या सगळ्याचा कणा. चार आयसीएफ आणि इंजिन मिळून ११८ सेंटीमीटर. दोन टोकांना दोन सांधे (एका रुळातून दुसरा फुटतो ते जोड), मध्यम आकाराचा प्रत्येकी २२. आणि सांध्याजवळ दोन रूळ एकमेकांपासून पुरेसे लांब जाईपर्यंत दोन्हीकडे पंधरा-पंधरा सेंटीमीटर मोकळे. खऱ्या यार्डात त्या जागी फाउलिंग मार्क असतो. गाडी त्याच्या आत उभी राहायला हवी, नाही तर शेजारून जाणारी घासणार. एकूण १९२ सेंटीमीटर. सहा डब्यांना २४१. नवशिके सांधा ते सांधा मोजतात आणि शेवटचा डबा कायम बाहेर लोंबकळतो.

स्टेशनच्या दोन्ही अंगांना, पडद्याआड, चार-पाच रुळांचं एक साधं यार्ड ठेवा. तिकडं मिरज, इकडं लोंढा, असं समजायचं. तिथून गाडी निघते आणि तिथंच परत जाते. सजावट नको, फक्त हात पोचला पाहिजे. हात पोचण्याची हद्द पाऊण मीटर. भिंतीपासून त्याहून रुंद फळी केलीत की मागच्या रुळावर घसरलेला डबा काढताना पुढचा सिग्नल मोडलाच म्हणून समजा.

माझ्याकडं एवढीही जागा नाही. भाड्याची खोली आहे.

दीड मीटरची फळी आहे? मग इंग्लनूक करा. ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टानं मांडलेलं शंटिंगचं कोडं आहे. दोन सांधे, तीन सायडिंग: एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोनांत तीन-तीन. इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढा एक रूळ बाहेर काढायला. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढून पाच वाघिणींचा क्रम ठरवायचा आणि शंटिंग करून नेमकी तशी गाडी जोडायची. क्रम किती होतात? ६,७२०. भाडेकरार संपेल, कोडं संपणार नाही. आपल्याकडं त्याला देसूरच्या तेलाच्या टाक्यांचं किंवा उगारच्या साखरेचं सायडिंग म्हणा, झालं बेळगावी.

सांधे कुठले घ्यावेत?

जागा परवडेल तेवढे मोठे. पेको या इंग्रज कंपनीच्या लहान सांध्याची त्रिज्या ६१ सेंटीमीटर, मध्यमची ९१, मोठ्याची १५२. लांब डबे चालवणाऱ्यानं मध्यमच्या खाली जाऊ नये. फ्रॉगमधून (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो टोकदार भाग) वीज जाणारे घ्या, प्लास्टिकच्या फ्रॉगवर छोटी इंजिनं दचकून थांबतात. आणि एक सांधा डावीकडं वळवून लगेच दुसरा उजवीकडं वळवू नका, मध्ये एका डब्याएवढा सरळ रूळ ठेवा. या इंग्रजी एस आकाराच्या वळणानं जेवढे डबे घसरतात तेवढे बाकी कशानं घसरत नाहीत.

बेळगावचं जुनं मीटरगेज करता येईल का?

येईल, आणि करायला हवं असं मला फार वाटतं. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेनं आपल्या भागात मीटरगेज आणलं. पुढं १९०८ मध्ये ती मद्रास अँड सदर्न मराठा झाली. मिरजेत एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीच्या गाड्या यायच्या. नव्वदच्या दशकात मीटरगेज गेलं. ज्यांनी वायडीएम-४ या मीटरगेज डिझेल इंजिनाच्या खिडकीतून खानापूरचं जंगल बघितलं ते आता आजोबा झालेत.

गंमत म्हणजे मापात मीटरगेज ब्रॉडगेजपेक्षा जास्त अचूक बसतं. १००० मिलिमीटरचे एचओत ११.५ होतात आणि बाजारात १२ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. अडचण गाड्यांची. बहुतेक सगळं हातानं घडवावं लागतं: चासिस परदेशी मॉडेलचा, वरचं अंग प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचं किंवा थ्रीडी प्रिंटचं. पहिलं लेआउट म्हणून नको. दुसरं म्हणून दूधसागरच्याही आधी.

आपली भारतीय इंजिनं, डबे तयार मिळतात?

थोडे, थांबून-थांबून, आणि महाग. म्हणून घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: लांबी पूर्ण मापाची आहे की आखूड केलेली, आणि कमीत कमी किती त्रिज्येवर चालतो. दोन्हींचं उत्तर न देणाऱ्याला पैसे देऊ नका. मी एकदा फोटो बघून पाच डबे मागवले. आले ते एका काळाचे, एका रंगाचे, पण दोन वेगवेगळ्या उंचींचे. रांगेत लावले की दात पडल्यासारखे दिसतात.

घरी बनवलेले डबे हलके असतात, आणि हलका डबा घसरतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेचा हिशेब सोपा आहे: एचओत २८ ग्रॅम, शिवाय दर इंचाला १४ ग्रॅम. आयसीएफ डब्याला असे १६५ ग्रॅम येतात. उद्यमबागेतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जुने वॉशर मूठभर मिळतात, ते बोगींच्या वर तळाला चिकटवा. छताला नको, डबा कलंडतो. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिलिमीटर आहे का तेही बघा. "सांध्यावर घसरते" ही तक्रार बऱ्याचदा रुळाची नसते, या चाकांची असते.

डीसी की डीसीसी?

एकट्यानं एक गाडी चालवायची तर डीसी, बारा व्होल्ट, दोन वायरी. क्रॉसिंग करायचं, दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी हलवायची तर डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. त्यात प्रत्येक इंजिनाला आपला नंबर असतो. दोन्हींत एकच पथ्य: रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांवर वीज वाहायचा भरवसा ठेवू नका. फळीखालून घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअरची जोडी न्या आणि प्रत्येक मीटरला रुळाला बारीक वायर जोडा. डीसीसीत दोन रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाकून बघा. लेआउटवर कुठंही टाकलं तरी बूस्टर (रुळांना वीज देणारा भाग) लगेच बंद पडला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात पडला नाही, तर तिथली वायर अपुरी आहे, आणि तिथंच एक दिवस डब्याचं चाक वितळेल.

आमच्याकडं खानापूरला पाऊस बेफाम. लाकूड फुगतं त्याचं काय?

रुळापेक्षा फळीच जास्त हलते. वॉटरप्रूफ प्लाय घ्या, दोन्ही बाजूंना आणि कडांना रंग मारा. कडा विसरल्या तर पाणी तिथूनच शिरतं. खाली दर चाळीस सेंटीमीटरला आडवी पट्टी. रूळ जोडताना व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा, पण ती जूनमध्ये ठेवू नका, मार्चमध्ये ठेवा. का ते मला मेमध्ये कळलं: पावसाळ्यात फुगलेल्या फळीवर सोडलेल्या फटी फळी सुकल्यावर मिटल्या आणि रूळ धनुष्यासारखे उचलले गेले. रूळ निकेल-सिल्व्हरचेच घ्या, लोखंडी आषाढात गंजतात. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी सुती चिंधी. पॉलिश पेपर नको, त्याचे चरे धूळ धरून ठेवतात.

माती आणि खडी इथलीच वापरली तर?

वापराच, इथल्यासारखा रंग विकत मिळत नाही. खानापूर-लोंढ्याकडं तांबडी, अथणी-रायबागकडं काळी. एका लेआउटवर दोन्ही नकोत. चहाच्या गाळणीनं चाळा, तव्यावर कोरडी भाजून घ्या. आणि मग लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या मातीवरून सावकाश फिरवा. तांबड्या मातीतून काळी बारीक लव पिशवीला चिकटून येते. ती राहिली असती तर इंजिनाच्या मोटारीनं ओढून घेतली असती. खडीसाठी क्रशरची कच चाळून घ्या, तिच्यावरूनही चुंबक फिरवा.

सुरू करण्याआधी कुठं बघायला मिळेल?

पुण्यात कोथरूडला, भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वे म्युझियम. १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. हुबळीचं रेल्वे म्युझियमही जवळ आहे, तिथं खऱ्या वस्तूंची मापं डोळ्यात भरतात. आणि फुकटातलं सर्वांत चांगलं: टिळकवाडीच्या रेल्वे गेटाशी आगगाडी जाईपर्यंत आपल्या गाडीचं इंजिन बंद करून उभं राहणं. चाकांकडं बघा, डब्यांच्या रंगांकडं नंतर.

स्टेशनच्या पाटीवर काय लिहायचं?

तुमचा काळ सांगेल ते. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, तेव्हा मीटरगेजच्या लेआउटवर 'बेळगावी' दिसलं की जाणकार हसतो. माझ्या स्टेशनची पाटी गुंजीची आहे, पिवळ्यावर काळी अक्षरं, कन्नड, हिंदी, इंग्रजी. पहिली पाटी रंगवायला दोन संध्याकाळी गेल्या. शेजारच्या अक्का चहा घेऊन आल्या आणि कप खाली ठेवायच्या आतच म्हणाल्या, "अहो, हे गुंजी नाही, गुजी झालंय." कन्नडमधलं अनुस्वाराचं बारीक वर्तुळ मी विसरलो होतो.